दांडीवरचं ओझं

आमच्या गावातली शाळा सातवीला संपते. पुढे शिकायचं तर वडीगोद्रीला जावं लागतं. कालव्याच्या कडेने मुरमाचा रस्ता आहे, तो शेवटी हमरस्त्याच्या डांबराला मिळतो. वाटेत एका चारीवर बुटका पूल लागतो. कठडे नाहीत, नुसता सिमेंटचा स्लॅब, आणि दोन्ही अंगांना ऊस. या पुलापाशी आमच्याकडचा माणूस सायकलवरून उतरतो, सायकल हाताने पलीकडे नेतो आणि मग पुन्हा टांग टाकतो. मोटारसायकलवालेसुद्धा गाडी बंद करून ढकलत नेतात.

माझी नोकरी सगळी परगावच्या शाळांत झाली. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मी गावातल्या वयस्कर सर्जेरावांना विचारलं, "इथं उतरता कशाला?"

"उतरायचं म्हंजी उतरायचं," सर्जेराव म्हणाले. "कारण इचारलं की लागतं."

"काय लागतं?"

"हे बघा, तुमी इचारलंच."

मच्छिंद्रची कौसल्या आठवीत गेली ते २००३ साल. तिच्या बापाने अंबडच्या बाजारातून तिला गिअरची लाल सायकल आणली. जाड टायर, आडवं हँडल, मागे कॅरिअर आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन बाजूंना धक्के जिरवणारे दोन शॉकप. दिसायला मोठी रुबाबदार, पण स्वस्तातली. एका पावसाळ्यात शॉकपमध्ये पाणी शिरलं आणि आतल्या स्प्रिंगा गंजून गच्च झाल्या.

कौसल्या त्या पुलावर उतरत नसे. गणपतीच्या सुमाराला ती तिथेच पडली. स्लॅबची कड रस्त्यापेक्षा दोन बोटं वर आली आहे, तिला चाक धडकलं आणि पोरगी हँडलवरून पुढे फेकली गेली. डावा हात कोपरात मोडला.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर गावातली पोरं अभ्यासाला बसतात. त्या दिवशी पोरांच्या आधी मच्छिंद्र येऊन बसला. मागे त्याची बायको दुर्गाबाई, आणि गळ्यात हात अडकवलेली कौसल्या.

"गुर्जी, तुमीच सांगा हिला," मच्छिंद्र म्हणाला. "पुलावर उतरत आसंल तर जाऊ दे साळंला. न्हाई तर बास झालं शिकणं."

"मी नाही उतरणार," कौसल्या म्हणाली. "आज उतर म्हणून राह्यले. मी उतरले की उद्या म्हणतील, पुलापस्तोरच जा."

"हात मोडला, जीभ तेवढी शाबूत राह्यली," दुर्गाबाई म्हणाल्या.

मी उठलो आणि अंगणातल्या त्या सायकलच्या हँडलवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. चिमटा तसूभर हलला नाही.

"मच्छिंद्र, हा शॉकप नाही, हा गज आहे," मी म्हणालो. "धक्का जिरला नाही म्हणून पोरगी पडली. आपण चिमटा बदलू. त्यानंतर ही त्या पुलावर पडली, तर मी हिची बाजू घेणार नाही."

मच्छिंद्रने उठून स्वतः हँडल दाबून पाहिलं. "एक डाव बघतो," तो म्हणाला. "एकच."

वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला महेमूदचं सायकलचं दुकान आहे. त्याचा मेहुणा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तिथे वितळवायला परदेशातलं भंगार येतं, त्यात कधीकधी सायकलीही असतात. अशाच एका मोडलेल्या सायकलचा चिमटा मेहुण्याने बाजूला काढून पाठवला.

"भट्टीत चालल्ता गुर्जी," महेमूद म्हणाला. "पण माल बिलकुल बराबर है."

चिमट्याची मानेची नळी आपल्या सायकलीला लांब होत होती. महेमूदने ती लेथवर कापून घेतली, आटे पाडून आणले. जुना चिमटा हातोडीने ठोकून काढला, नवे छर्रे भरले, ग्रीस लावलं. चाक बसवून झाल्यावर मी एका हाताने हँडल दाबलं. चिमटा अलगद खाली गेला आणि सावकाश वर आला.

कौसल्याचं प्लास्टर निघालं तेव्हा मी ओसरीवरच्या पोरांना त्या सायकलवरच धडा दिला. वर चमकती नळी आहे, खाली काळी. ओझं पडलं की चमकती नळी काळीत शिरते. सायकल रिकामी असताना चार बोटं चमकती नळी दिसते. कौसल्या बसली की तीन बोटं उरतात. पोरांनी आळीपाळीने बोटं लावून बघितली. मला हा धडा फार आवडला होता.

पहिल्या दिवशी मी तिच्या आधी चालत निघालो आणि पुलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. सकाळचं ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. चारीत पाणी नव्हतं. कौसल्या आली ती वेग कमी न करता. चाक कडेवर चढलं, चिमट्याने धक्का गिळला आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"बघा गुर्जी. काय झालं का?"

काहीच झालं नव्हतं. मी वाकून चिमट्याकडे पाहिलं. चमकती नळी दोन बोटं होती.

"खाली उतर," मी म्हणालो.

ती उतरली. आता सायकलवर कोणी नव्हतं. नळी चार बोटं दिसायला हवी होती, ती तीनच बोटं दिसत होती. मी हँडल दाबलं, सोडलं. चिमटा खाली गेला, वर आला आणि पुन्हा तीन बोटांवर थांबला.

"ग्रीस धरलं असेल," मी म्हणालो. "मधल्या सुट्टीत महेमूदला दाखव."

संध्याकाळी ती सांगत आली. शाळेच्या फाटकाशी चिमटा आपोआप वर आला होता. मधल्या सुट्टीत महेमूदच्या दुकानात नेला तेव्हाही चार बोटं, अगदी चोख. त्याने पूर्ण खोलून पाहिला. "कायबी खराबी न्हाई," म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेपर्यंत गेलो. ती म्हणाली तसंच होतं. फाटकाशी चिमटा वर आला. शाळा सुटल्यावर फाटकाशीच तो पुन्हा खाली गेला आणि पूल आल्यावर सुटला. त्या रात्री मला झोप लागली नाही. गंजलेल्या तराजूचा काटा हलत नाही, म्हणजे पारड्यात काही नसतं असं नाही. जुना चिमटा नुसता सांगू शकत नव्हता.

कौसल्याला मी काही बोललो नाही. तीच एकदा ओसरीवर गणितं सोडवता सोडवता म्हणाली, "पुढची दांडी गार लागती गुर्जी. उन्हात बी."

"अजून काय?"

"ओल्या पाटीचा वास येतो. आन् मी पाढे म्हणायला लागले की चिमटा हळूहळू खालीवर होतो. पाढे थांबवले की थांबतो."

मी तिची वही मिटली. "एकदा पुलावर उतरून बघ. आपण उतरलो तर ते बसत नसेल."

"मंग त्याची साळा?" ती म्हणाली. "साळंला येणाऱ्याला अडवायचं न्हाई, असं तुमीच म्हणता."

मी वही उघडून पुन्हा तिच्यापुढे ठेवली.

पुढच्या जूनमध्ये मी ओसरीवर येणाऱ्या पहिलीतल्या गिरिजाला उचलून, अंगणात उभ्या असलेल्या त्या सायकलच्या दांडीवर बसवलं. पुलापलीकडे यायची तशीच चमकती नळी तीन बोटांवर आली. गिरिजा हसत पाय हलवत होती. कौसल्या दारात उभी होती. तिने तिथूनच नळीकडे पाहिलं.

जन्मभर मी दर जूनला वर्गातल्या पोरांची उंची आणि वजनं घेतली. पोरं कशी वाढतात ते मला ठाऊक आहे. नववीच्या वर्षी पुलापलीकडे रिकाम्या सायकलची नळी अडीच बोटं दिसू लागली. दहावीच्या दिवाळीनंतर दोन.

ते वाढत होतं.

कौसल्याला सायकल जड जाऊ लागली. हँडल वळेना. हमरस्त्याच्या चढावर ती उभी राहून पायडल मारायची, तरी घाम फुटायचा. माघ संपता संपता ती पुलापलीकडच्या फुफाट्यात घसरली. गुडघे फुटले. सायकल आपटल्याचा आवाज सर्जेरावांच्या शेतापर्यंत गेला.

मच्छिंद्र माझ्याकडे आला नाही. त्याने पोरीलाच सांगितलं. "परीक्षेच्या दिवशी मी पुलावर हुभा राहीन. उतरून गेलीस तर जा. न्हाई तर तिथूनच माघारी."

ते मलाही लागू होतं. पडली तर बाजू घेणार नाही, असं मीच म्हटलं होतं. तरी मी गेलो.

दहावीच्या पहिल्या पेपरची सकाळ. मच्छिंद्र आणि सर्जेराव पुलाच्या पलीकडच्या टोकाशी आडवे उभे होते. रस्त्यावर धुळीचा मऊ थर होता. वारा नव्हता. ऊस हलत नव्हता.

"गुर्जी, बाजूला थांबा," सर्जेराव म्हणाले. "पोरीचं डोकं तुमीच फिरवलं."

कौसल्या आली. दोन वेण्या, पाठीला दप्तर. तिने बापाला पाहिलं आणि पायडल मारत राहिली. चाक कडेवर चढलं.

पुलाच्या मधोमध चिमटा खाली बसला. लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज झाला. चमकती नळी दिसेनाशी झाली.

सायकल थांबली. कौसल्याने एक पाय स्लॅबवर टेकवला. सीट सोडली नाही.

"उतर खाली," मच्छिंद्र म्हणाला. तो चिमट्याकडे बघत होता. त्यालाही दिसत होतं.

"न्हाई, बाबा."

मग ती खाली वाकली. हँडल आणि आपली छाती यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे बघून बोलली, धाकट्या भावंडाशी बोलावं तशी.

"बारकं होतंस तवर पुढं बसवलं. आता मोठं झालंस. मागं कॅरिअरवर बस. मला पेपर हाये. उतरणार मी न्हाई, आन् तुलाबी उतरवणार न्हाई."

कोणी हललं नाही.

नळी दिसू लागली. एक बोट. दोन बोटं. तीन.

मागच्या टायरखालून धूळ दोन्हीकडे सरकली. टायर जमिनीशी चपटा झाला.

कौसल्याने वेणी मागे टाकली आणि पायडलवर पाय ठेवला. मच्छिंद्र बाजूला झाला. सर्जेराव आधीच झाले होते. ती आमच्यामधून गेली, हँडल सरळ, मान ताठ. ओल्या पाटीचा वास आला आणि गेला.

सर्जेराव चारीच्या काठावर बसले. "येळेवर पोचंल का ती?" मच्छिंद्रने मला विचारलं.

"पोचेल," मी म्हणालो.

मी खाली वाकलो. धुळीत मागच्या चाकाची खूण खोल उमटली होती. कौसल्याचे दोन्ही पाय पायडलवर होते, ते मी स्वतः पाहिलं होतं. तरी त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक रेघा होत्या, कॅरिअरवर बसलेल्या लांब पायांच्या पोराचे अंगठे जमिनीला घासत जावेत तशा. मी त्यांच्या कडेने चालत गेलो. त्या डांबर लागेपर्यंत होत्या.