जिभेला चिकटलेली फरशी

“फरश्या भिजवायचा हौद ठणठणीत कोरडा आहे,” मोहिरा दबक्या आवाजात म्हणाली.

तिचा भाऊ एल्योर आणि शेजारचा छोटा सांजार यांनी वाकून पाहिलं. खरंच, तळाशी नुसती धूळ! रिश्तोन गावच्या चौकातल्या पाणपोईच्या भिंतीवर मोहिराच्या कुंभार हुमोरा मावशीने घडवलेल्या निळ्या फरश्या आजच बसवून झाल्या होत्या. बसवण्याआधी फरशी रात्रभर भिजवायची, हे कुंभारगल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. कोरडी फरशी सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि मग भिंतीला धरून राहत नाही.

तासाभरात पाणी सुरू होणार होतं. उन्हाने कासावीस झालेली गावातली पोरं आत्तापासूनच नळापाशी, म्हणजे थेट भिंतीखाली जमली होती. तिघं मुकादमांकडे धावली.

मुकादम तुरगुनअका, म्हणजे तुरगुनदादा, सावलीत हिरवा चहा पीत होते. फरश्या न भिजवताच लावल्यात, असं म्हणताच त्यांनी तिघांना उडवूनच लावलं. तिथेच उभ्या असलेल्या मावशीलाही वाटलं, सुट्टीत यांना करमत नाही, म्हणून हे खूळ.

“सगळ्या फरश्या भिजवल्यात,” अका म्हणाले. “ही उरलेली चळत हौदात नाही, टपात भिजवली, आत्ताच काढली. वरून सुकली असेल, आतून ओली आहे.”

मोहिराने एक फरशी उचलून उलटी केली. “मग अका, हिला मागून जीभ लावून दाखवा ना.”

मावशी पुढे सरकली. भाजलेली कोरडी माती जिभेला चिकटते, ही कुंभारांची जुनी परीक्षा. अका पडले गवंड्यांचे मुकादम, त्यांना ती कुठली ठाऊक! पोरखेळ समजून त्यांनी हसत जीभ लावली.

ती अशी चिकटली की ओढून काढावी लागली. सांजार खिदळला.

मावशी मात्र धावत भिंतीपाशी गेली. तिने बोटाने टकटक केली, तर पोकळ आवाज आला. कडेला नख घातलं, तशी फरशी अलगद हातात आली.

“मागे व्हा! सगळे मागे व्हा!”

तिघांनी पोरांना हाताला धरून खेचलं. दुसऱ्याच क्षणी वरची अख्खी रांग खळ्ळकन नळावर कोसळली.

हळूहळू धूळ बसली. “आपा, घाई केली मी,” अका मावशीपुढे खाली मान घालून म्हणाले.

मावशीचं वर्षभराचं काम जमिनीवर पडलं होतं, पण ती पोरांची डोकी मोजत होती. मग तिने मोहिराला पोटाशी धरलं.

“भिंत पुन्हा करू,” ती म्हणाली. “पण फरशी भिजली की नाही, ते आता ही तिघं सांगतील.”

उरलेली सुट्टीभर तिघांच्याही जिभा मातकट होत्या.