साखळीची तपासणी

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातली दुपार. धुळ्याकडच्या एका मालधक्क्यावर कामगार जेवून सावलीला आडवे झाले होते. तीन वाजता कापसाच्या गाठी पुन्हा उचलायच्या होत्या. त्याआधी वना नावाच्या पोराला आढ्याला टांगलेली, गाठी उचलायची साखळी तपासून वहीत सही करायची होती.

काम सोपं होतं. शिडीवर चढायचं आणि खालून वर एकेक कडी हातोडीनं ठोकायची. चांगली कडी खणखणते, तडकलेली बद्द वाजते. आधी हे काम पुना नावाचा कामगार करायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्धी साखळी ठोकून झाली आणि तो वरून पडून मेला. तेव्हापासून साखळीला कोणी हातोडी लावली नव्हती. दसऱ्याला मात्र तिला तेल-शेंदूर चढला, दरवर्षीसारखा, थरावर थर.

वना ठोकत गेला. पत्र्याखाली हवा हलत नव्हती. तापलेल्या लोखंडाचा, खवट तेलाचा वास... खण्... खण्... गाठींच्या आडोशाला त्याचे वडील जीवराम डोळे मिटून पडले होते. तीननंतर याच साखळीखाली उभं राहून गाठीला आकडा लावायचं काम त्यांचं.

एकेचाळिसावी कडी बद्द वाजली.

वनानं नखानं शेंदूर खरवडला. खाली केसाएवढी चीर होती. तो बघत राहिला. भीती वाटली नाही, रागही आला नाही. हात तेवढे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटले.

वर तेवीस कड्या राहिल्या होत्या. तो उतरला. शिडी उभी सोडायची नाही असा नियम होता, म्हणून ती जमिनीवर आडवी ठेवली आणि मुकादम रुपचंदनानांकडे गेला.

नानांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"पूजा करेल साखळी शे ती," ते म्हणाले. "तू सातवी नापास. देवले नापास कराले निंघना का?"

मी सही करणार नाही, एवढंच वना वहीकडे बघत पुटपुटला. मग नानांनीच सही ठोकली.

तो परतला तेव्हा जीवराम उठून बसले होते. नजर वर आढ्याकडे.

"आबा, आज खाल उभा ऱ्हाऊ नको."

"नही ऱ्हात," ते हळू म्हणाले. "आखरीन्या तीन कड्या भी बद्द वाजन्यात."

"मी एकेचाळीसवर थांबनू, आबा..."

जीवरामांनी मान हलवली. वनानं शिडी आडवी ठेवली, तो गेला, हे त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं होतं. मग ठोकणं पुन्हा सुरू झालं. घाई नव्हती. पार आढ्यापर्यंत. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

वनानं शिडीकडे पाहिलं. ती ठेवली तिथंच होती.

"मंग उतराना आवाज ऐकू उना," जीवराम म्हणाले. "एक एक पायरी... जमिनले पाय लागाना आवाज आजून उना नही."