दोन ते तीनचा हिशेब

जावयाचं वागणं मला खटकत होतं. बायकोवर एवढा मोठा आळ, आणि हे गृहस्थ तोंडाला कुलूप लावून खिडकीबाहेर बघत बसलेले.

लेक आणि जावई एकाच प्रयोगशाळेत. जमिनीखाली बोगद्यात कणांच्या टकरी घडवतात आणि वर बसून त्यांची नोंद ठेवतात. मंगळवारी दुपारी दोन ते तीनच्या नोंदींत दहातल्या नऊ गायब निघाल्या. तीननंतर त्या फायली एकट्या लेकीने उघडलेल्या. तिनेच पुसल्या, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. उद्या समिती तिला काढणार होती. बारा वर्षांची मेहनत पाण्यात.

मी दिराला बोलावलं. भावजी खासगी तपास करतात. बोलतात कमी, बघतात फार.

आम्ही थेट प्रयोगशाळेत गेलो. आधी लेकीला विचारलं.

"काका, दोन ते तीन मी खाली बोगद्यात होते. फाटकावर सही आहे. वर आले आणि फायली उघडल्या, बस."

"आणि तुम्ही दोघं सारखं म्हणता तो ट्रिगर म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"चाळणी, आई. सेकंदाला लाखो टकरी होतात, सगळ्या कुठे ठेवणार? कामाची टक्कर चाळणी धरते, तिला क्रमांक देते आणि डिस्कवर पाठवते. फार गर्दी झाली तर धरलेल्यांतलीही दहातली एकच पुढे सोड, असं कंट्रोल रूममधून तिला सांगता येतं. पण तसं केलं की वहीत हाताने लिहायचं. मंगळवारचं पान कोरं आहे."

तिने त्या तासाची छापील यादी पुढे केली. मी चष्मा लावला.

"एवढे कागद नासले! क्रमांकांचा शेवटचा आकडा तर सगळीकडे सातच आहे."

भावजींनी यादी माझ्या हातातून जवळजवळ ओढलीच.

मग जावई. "दोन ते तीन कंट्रोल रूममध्ये मी एकटाच होतो. खुर्चीतून हललो नाही. सगळं शांत होतं. साधा फोनसुद्धा वाजला नाही."

शेवटी डिस्क सांभाळणारा तंत्रज्ञ. त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"दोनला मी कंट्रोल रूमला फोन केला. म्हटलं, अर्ध्या तासाचीच जागा उरलीय, नवी डिस्क तीनला येईल. पलीकडून 'बरं' म्हणून ठेवून दिला. मला घाम फुटलेला. पण तीनला डिस्क बदलायला गेलो, तर जुनीत जागा शिल्लक! म्हटलं, सुटलो."

भावजींनी तिघांना कंट्रोल रूममध्ये बसवलं. दार लावलं.

"वहिनी, तुमच्या लेकीने काही पुसलेलं नाही. ती तीनला वर आली. तोवर सगळ्या नोंदी येत असत्या, तर डिस्क अडीचलाच भरली असती. भरली नाही. म्हणजे माल मुळात कमीच आला."

"मग बाकीचा गेला कुठे?" मी विचारलं.

"चाळणीतच अडवला. क्रमांक बघा. सात, मग सतरा, मग सत्तावीस. बरोबर दहातली एक पुढे सोडली. हे त्या खुर्चीतूनच करता येतं, आणि खुर्चीत एकच माणूस होता. फोन वाजलाच नाही असंही तोच म्हणाला."

लेक नवऱ्याकडे वळली.

"डिस्क भरून सगळंच बंद पडलं असतं," तो पुटपुटला. "तीनला पूर्ववत केलं. वहीत लिहायचं राहिलं. नंतर कळलं, ज्या टकरींची दोन वर्षं वाट बघत होतो त्या त्याच तासात आल्या होत्या. त्या आता परत मिळणार नाहीत. मला बढती मिळायची होती... वाटलं, तिच्यावरचा आळ पुराव्याअभावी टिकणार नाही."

लेकीने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं होतं, ते उचललं आणि पुन्हा गळ्यात घातलं.

मी उठले.

"जावईबापू, वहीत लिहायचं राहिलं ते मी माफ केलं असतं. पण चार दिवस माझी पोर तुमच्या शेजारी बसून रडत होती आणि तुम्ही तिला रुमाल देत होतात. उद्या समितीपुढे आधी तुम्ही उभं राहायचं, आणि तिथून माझ्या घरी यायचं नाही."