निळ्या पट्टीचं यंत्र

खाडीवर नेण्याआधी आमच्या विभागातली पाण्याची पातळी मोजायची यंत्रं आम्ही तुंगार्लीच्या तळ्यात रात्रभर सोडून बघतो. साचलेलं गोडं पाणी, त्याला कुठली आलीय भरती-ओहोटी? लॅपटॉपवर सरळ रेघ आली की यंत्र ठीक.

त्या सकाळी रेघा तेवढ्या बघायच्या होत्या. पण नंतर चहाला सर खाडीच्या प्रकल्पाचा प्रमुख ठरवणार होते, आणि माझा सगळा जीव त्यात अडकला होता. अनघाच्या कितीतरी आधीपासून मी या विद्यापीठासाठी खाड्यांचा चिखल तुडवतेय. ही काल आली आणि कंपन्या फोन करून तिलाच मागतात! तिचे अंदाज म्हणे चुकत नाहीत. निळी पट्टी गुंडाळलेलं तिचं जुनं यंत्र ती कुणाला हात लावू देत नसे. आमच्यात बसून कधी घोटभर चहा नाही की पाणी नाही. नखरे नुसते! मी जळायचे तिच्यावर, आणि ते लपवतही नसे.

माझ्या यंत्राची रेघ सरळ आली. अनघाची रेघ सावकाश चढली होती, थांबली होती, उतरली होती. थेट खाडीसारखी.

"बिघडलंय तुझं," मी म्हटलं. बरं वाटलं मला.

"नाही गं. असंच दाखवतं ते."

तळ्याचे राखणदार हौशीराम आबा काठावर उभे होते. "ताई, सुकटीचा वास येतोय व्हय? हितं तर कुनी सुकट वाळवत न्हाई."

वास मलाही येत होता. काठावरचे दगड मात्र वरपर्यंत कोरडे होते, पाणी चढल्याची खूण कुठेच नव्हती. मला भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. मेलं तळंसुद्धा हिच्याच बाजूचं!

"हे यंत्र आता माझ्याकडे राहील," मी म्हटलं.

अनघाने मान वर केली. "स्वतःहून मागतेयस?"

"हो. हक्काने."

"नक्की?"

"दे म्हटलं ना!"

तिने लगेच दिलं. पाण्यातून काढून उन्हात ठेवलेलं असूनही ते गारढोण होतं. वायर जोडून मी ते स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं.

रेघ चढली.

माझ्या हाताने चढली! काय आनंद झाला मला.

सुकटीचा वास आता माझ्या ओढणीला येत होता.

आम्ही उतरलो होतो त्या तळ्याकाठच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सर चहाला वाट बघत होते. मी तोंड उघडायच्या आत अनघा म्हणाली, "सर, खाडीचं काम राजेश्वरीला द्या. मला नको."

सर चकित झाले, मग हसले. "बरं. राजेश्वरी, मग काम तुझं."

एवढंच तर ऐकायचं होतं मला.

अनघाने टेबलावरचा तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं तरी थांबेना. तांब्या रिकामा करून तिने डोळे पुसले.

"गोड आहे गं पाणी," ती म्हणाली. "चवच विसरले होते."

मी चहाचा कप ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. खारट होता.

कुणी ओतत नव्हतं, तरी कपातला चहा सावकाश वर चढत होता.