परागरावांची आवड

सोफा भिंतीत गेला तेव्हा पराग दातार चहाचा कप घेऊन त्याच्यावर बसायच्या बेतात होते. वृषालीने "अहो!" म्हणून ओरडून नवऱ्याला सावध केलं, आणि त्याबद्दल वर बोलणीही खाल्ली.

"किंचाळायला काय झालं? सांडला ना चहा! पूस आता."

सांगलीतल्या त्या सोसायटीत एव्हाना निम्म्या घरांत रुचिशोधक नावाचं यंत्र बसलं होतं. भिंतींवर रंग पालटणारा लेप, फर्निचरला चाकं आणि घड्या, दाराला यंत्राच्या ताब्यातलं कुलूप, छतात बारीक डोळे, आणि घरमालकाच्या मनगटावर एक पातळ पट्टी. पट्टी नाडी मोजायची, कातडीचा घाम मोजायची. माणसाचा जीव कुठे निवतो, कुठे आकसतो हे ताडून यंत्र घर हळूहळू बदलत न्यायचं. "आपली आवड सांगता येत नाही हो कुणाला," यंत्र बसवायला आलेली ऋतुजा म्हणाली होती. "लोक शेजाऱ्याकडे बघून सांगतात. नाडी मात्र खोटं बोलत नाही."

परागरावांना हे फारच पटलं. आपल्याला उच्च अभिरुची आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सोनेरी बटणांचा तो लालभडक सोफा, सत्कारांच्या ढालींनी भरलेली भिंत, टेबलाच्या टोकाला सिंहासनासारखी खुर्ची, सगळं त्यांच्या पसंतीचं. त्यावर आता शास्त्राचा शिक्का हवा होता, बाकी काही नाही.

पण पट्टी खाजायला लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती काढून वृषालीपुढे टाकली. "तू घाल. माझ्या संकष्ट्या तूच करतेस ना? पुण्य मला लागतंच की. हेही तसंच. बांगड्यांत एक बांगडी जास्त."

तिने घातली. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. त्यांच्या पत्रिकेतल्या शनीचे उपास तिने केले, त्यांच्या आईचे नवस तिने फेडले. जे जे त्यांना जड जायचं ते ते निमूट तिच्या अंगावर यायचं. हे ऋतुजाला कळवायला हवं, असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्या घरात ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

आधी भिंतींचा भडक रंग उतरला आणि कैरीच्या गरासारखा फिका हिरवा आला. परागराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले, "बघा, आतून मी किती सौम्य माणूस आहे!" वृषालीला हसू आवरेना. स्वयंपाकघरात जाऊन ती तोंडाला पदर लावून हसली. मग ढाली कपाटात गेल्या. मग खिडकीपाशी एक बैठक वर आली, बुटकी, जेमतेम एका बाईपुरती. दुपारी पाठ टेकावी ही चैन वृषालीला ठाऊकच नव्हती. पण एकदा ती तिथे बसली, आणि भाजी निवडायचीही शुद्ध राहिली नाही.

आणि आता सोफा गेला. पाठोपाठ आरामखुर्ची गेली, टेबलाच्या टोकाची खुर्ची गेली. परागराव जिथे बसत ते एकेक आसन यंत्र उचलून नेत होतं. ते का, हे वृषालीला लख्ख कळलं. सोफ्यावर बसून ते रोज संध्याकाळी सुरू व्हायचे. भाजी खारट का, फोन कुणाचा होता, डोक्यात भुसा भरलाय का. ती चेहरा कोरा ठेवायला कधीच शिकली होती. नाडीला तेवढं शिकवायचं राहिलं होतं. हे त्यांना कळलं तर ते काय करतील, याची तिला धास्ती वाटू लागली. तरी पट्टी मात्र तिने काढली नाही.

शेवटी परागरावांनी ऋतुजाला बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्याच फैलावर घेतलं. उभ्याने, कारण त्यांना बसायला काही उरलंच नव्हतं.

"तुमचं यंत्र बिघडलंय. फुकट गेलं सगळं!"

"बिघडलेलं नाही काका. मापं अगदी स्वच्छ आहेत. तुम्हाला त्या सोफ्याचा फार त्रास होतो. खुर्च्यांचाही."

"मला? माझ्याच खुर्चीचा?"

ऋतुजाची नजर त्यांच्या मोकळ्या मनगटावर गेली. "काका, पट्टी कुठे आहे?"

वृषालीने हात पदराखाली घेतला, आणि मग तिचा तिलाच संताप आला. आपण काय चोरी केली आहे? तिने हात बाहेर काढला.

"माझ्याकडे आहे. आणि त्रास खुर्चीचा नाही गं बाई. खुर्चीत बसणाऱ्याचा आहे."

ऋतुजा गोरीमोरी झाली. "यंत्राला वस्तूच कळतात, काकू," ती पुटपुटली. "माणसाचा त्रास असू शकतो, हे आम्ही त्याला शिकवलेलंच नाही." आणि पर्स उचलून ती निघूनच गेली.

"काढ ती पट्टी," परागराव म्हणाले.

"नाही काढणार."

"घर माझ्या नावावर आहे! माझं खाऊन माझ्यावरच उलटतेस?"

"तुमच्या नावावर आहे. राबते मी. तुमचा आवाज आला की माझ्या छातीत धडधडतं, ते आता मोजून मिळालं एवढंच."

परागरावांचा हात उगारला गेला, पण छतातले डोळे बघून तो खाली आला. "थांब, मुळातूनच बंद करतो," असं गुरगुरत ते बाहेर जिन्यापाशीच्या मेन स्विचकडे तरातरा निघाले. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं. स्विचच्या पेटीला सोसायटीचं कुलूप होतं. ते चरफडत परत आले आणि त्यांनी बेल दाबली.

"घरात आता अस्वस्थतेचं कारण आढळत नाही," भिंतीतून सौम्य आवाज आला. "मांडणी पूर्ण झाली. हीच कायम ठेवायची का?"

बेल वाजतच राहिली. मग दारावर थपडा बसू लागल्या. वृषालीने आपली नाडी चाचपली. ती आपली शांत चालली होती.

"दार कुणाचं ऐकतं रे?" तिने यंत्राला विचारलं.

"पट्टी ज्यांच्या हातात आहे, त्यांचं."

"वृषाली," बाहेरून आवाज आला. इतका खालचा आवाज तिने या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "वृषाली, उघड ना गं. लोक बघतायत."

ती खिडकीपाशी जाऊन बसली. लोक बघतायत, म्हणून उघडायचं?

"हीच मांडणी कायम ठेवायची का?" यंत्राने पुन्हा विचारलं.