हलका नग एकच

सुभाष रोडवरच्या मारुतीअण्णांच्या दुकानात दीपश्री शिरली ती मनाशी सगळा हिशेब पक्का करूनच. पस्तीस हजारांच्या आत, वजनाला हलका, बॅटरी निदान दुपारपर्यंत तग धरणारी. शाळामास्तरांना संगणक शिकवायची तिची नोकरी. आठवड्यातले चार दिवस गदग, बागलकोट, विजापूर असं बसने हिंडायचं.

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते आणि त्यांच्यापुढे कुणीतरी पाठमोरा उभा होता. दाराशी छत्री झटकताना तिची नजर त्याच्या मानेवर गेली... डावीकडे जराशी कललेली. ही मान तिने तीन वर्षं बसमध्ये उभ्याने पाहिली होती.

"प्रभंजन?"

तो वळला. आधी डोळे हसले, मग तोंड. "अय्य... दीपश्री!"

नऊ वर्षं झाली होती. हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजला दोघं धारवाडहून एकाच बसने जात. त्याला हमखास जागा मिळे, तिला कधीच नाही. मग तो तिच्याकडे न बघता हात पुढे करी आणि तिची बॅग मांडीवर घेई. जागा देऊ केली असती तर बसभर बोभाटा झाला असता. बॅगेला कोण काय म्हणणार? शेवटच्या दिवशी मात्र दोघांनीही निकालाच्या तारखेवर गप्पा मारण्यात अख्खा रस्ता संपवला होता. पुढे तो चेन्नईला गेला, आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

"आता कुठे असतोस?"

"गोकुळ रोडला, कारखान्यात. हलकासा लॅपटॉप बघायला आलो, गुरुवारी राजकोटला निघालोय... दोन वर्षांसाठी."

आज सोमवार. दीपश्रीने बोटं न वापरताच मोजलं.

"बर्री, बर्री बाई," मारुतीअण्णांनी तिला पुढे बोलावलं. अण्णा मूळचे गडहिंग्लजचे, तीन पिढ्या पितळी भांड्यांच्या. पुतण्याने दुकानात लॅपटॉप आणले, पण अण्णांनी जुना काटा काही हलवू दिला नाही. त्यांनी दोन्ही लॅपटॉप चार्जरसकट त्यावर ठेवले. "कंपनी नुसतं वजन सांगते. तू काय चार्जर घरी ठेवून फिरणार होय? हा दीड किलो. हा सव्वादोन, पण स्क्रीन मोठा, साठवण दुप्पट, दणकट."

"मला हलका," दीपश्री म्हणाली.

"थांब," प्रभंजन म्हणाला. "प्रवास किती, रोजचं काम किती? ते बघून घ्यायचं असतं."

"तू कधीपासून जाणकार?"

"तुझी बॅग तीन वर्षं मांडीवर घेतलीये मी. तुझ्या ओझ्याचं मला विचार."

तिला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिने कीबोर्डची बटणं दाबून पाहिली.

"बॅटरी किती वेळ लागते?"

"बसने गदग ते विजापूर."

"घरी परत कधी?"

"एरवी शुक्रवारी. या आठवड्यात सुट्टी."

"घरी... वाट बघणारं कोणी?"

"लॅपटॉपला त्याचं काय?"

"रोजच्या वापराचं विचारतोय की!"

"आई आहे. आणि वायफाय." तिने तिरकं बघितलं. "तुझ्याकडे?"

"वायफायही नाही."

आता बोलावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात अण्णांनी सांगितलं, हलका नग एकच उरलाय. पुढचा माल आठ दिवसांनी.

"मग तू घे," प्रभंजन चटकन म्हणाला. "सारखी बसने फिरतेस."

"नको, तू घे. गुरुवारी निघायचंय तुला. मी थांबते."

"दीपश्री, ऐक, तू घे."

"प्रभंजन, तू घे म्हटलं ना!"

असं पाच-सहा वेळा झालं. कोणी हटेना. शेवटी किर्रर्र आवाज आला तेव्हा दोघांनी वळून पाहिलं. विकलेल्या नगावर नाव घालून द्यायचं, ही भांड्यांच्या दुकानाची रीत अण्णा लॅपटॉपलाही लावत. त्यांनी तळावरची धूळ फुंकली आणि हलका लॅपटॉप उलटा करून पुढे ठेवला. सुबक अक्षरांत कोरलं होतं: दीपश्री - प्रभंजन, धारवाड.

दीपश्रीचे कान तापले.

"अण्णा!" प्रभंजन ओरडलाच. "आमचं लग्न ठरलेलं नाही!"

"नाही?" अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "चाळीस वर्षं रुखवताच्या भांड्यांवर नावं घातली मी. असं 'तू घे, तू घे' फक्त लग्न ठरलेल्यांतच ऐकलंय बाबा. लग्नानंतर कोणी करत नाही, परक्यांत तर नाहीच नाही."

"पुसता येईल?"

"कोरलेलं आहे रे, लिहिलेलं नव्हे."

प्रभंजनने लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढला. "मी घेतो. राजकोटच्या खोलीत मराठी कोण वाचणार? तुझ्या घरी उगाच..."

दीपश्रीने त्याच्याकडे पाहिलं. भला माणूस. आजही तिला कुणी काही बोलू नये, एवढंच बघत होता. या भलेपणातच नऊ वर्षं गेली होती, आणि अजून दोन जायच्या बेतात होती.

"आमची आई कुठलीही नवी वस्तू आधी उलटी करून बघते," ती म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, मी घेतो."

"म्हणून तर म्हणते, मी घेते." तिने लॅपटॉप परत ओढला. "तू जड घे."

"आई विचारतील की..."

"विचारू दे. बुधवारी सहाला घरी ये आणि तूच उत्तर दे."

"काय सांगू?"

"नऊ वर्षांत तयार नाही केलंस?"

"केलं होतं... रोज. हुबळी आली की धीर सुटायचा." त्याने जड लॅपटॉप बाजूला सारला. "आत्ता सांगू?"

बिल लिहिणारा अण्णांचा हात थांबला. "सांग की! मी काय परका आहे?"

आणि त्याने सांगितलं... अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, मध्येच एकदा उगाच इंग्रजीत, कानाच्या पाळ्या लाल करून.

दीपश्रीने सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले होते, पण आवाज तिने सरळ ठेवला.

"हेच आईसमोर एका भाषेत सांग," ती म्हणाली. "कुठलीही चालेल."