रोज सकाळी लेबलं अडतात

सुपे गावच्या वाऱ्याला लाज कशी ती नाही. त्या सकाळी त्याने आराधनाची ओढणी उडवली ती थेट कारखान्याच्या डिस्पॅच शेडमध्ये नेऊन टाकली. ती घ्यायला आराधना आत गेली, तर समोर एक तरुण कपाळाला हात लावून कॉम्प्युटरपुढे बसलेला.

"तुमी कॉम्प्युटर सेक्शनच्या नव्या मॅडम ना? देवानंच धाडलं तुमाला! लेबलं छापंनात. सर्व्हिस चालूच व्हईना."

"देवाने नाही, वाऱ्याने धाडलं," ती हसत म्हणाली आणि खुर्चीत बसली. सर्व्हिसचा, म्हणजे लेबलं छापणाऱ्या प्रोग्रॅमचा, पासवर्ड पुन्हा भरला, बटण दाबलं… आणि प्रिंटर कुरकुरत लेबलं ओकू लागला.

"लई भारी!" तो म्हणाला. त्याचं नाव जस्टिन. खोक्यांवर लेबल नाही तर ट्रक हलत नाही, आणि ट्रकची जबाबदारी त्याची. त्याने आल्याचा चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने जरा खोलात जाऊन पाहिलं, तर दुखणं सापडलं. कुठल्या लॉगिन खात्याला सर्व्हिस चालवू द्यायची, हे हेड ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत, सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या नियमांत, ठरलेलं, आणि लेबलचं खातं त्यात नव्हतंच. इथे मशीनवर पासवर्ड भरून तिने दिलेली परवानगी पॉलिसी पुन्हा पुसून टाकायची. सकाळी मशीन चालू केलं की सर्व्हिस बंदच. उपाय सोपा होता. पॉलिसीतच ते नाव घालायचं. तो बदल करायचा अधिकारही हेड ऑफिसने तिला दिलेला. तिने माऊसवर बोट नेलं… आणि काढून घेतलं. हे दुरुस्त झालं तर सकाळी बोलावणार कोण?

मग रोजचंच झालं.

"आज पन रुसली बघा तुमची सर्व्हिस."

"माझी? शेड तुमची, सर्व्हिस तुमची."

"मग माझं का ऐकत न्हाई? तुमी नुसतं बघितलं तरी ऐकती. मी बी ऐकलं असतं—" आणि तो खोक्यावरची चिकटपट्टी खरवडत बसला. आराधनाचे कान तापले.

एका सोमवारी ती मावसभावाच्या लग्नाहून उशिरा आली. शेडमध्ये मॅनेजर दरेकर साहेबांचा आवाज चढला होता. ट्रक तसाच उभा, आणि हमालांच्या देखत जस्टिनची खरडपट्टी चाललेली.

"रोज तुझ्याच हातून कसं बंद पडतं रे? झेपत नसेल तर उद्यापासून खोकी उचल!"

"चुकलं साहेब," जस्टिन खाली मान घालून म्हणाला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आराधनाला झालं. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. गुपचूप दुरुस्ती करून मोकळी झाली असती. पण त्याची ती वाकलेली मान तिला बघवेना.

"साहेब, चूक त्यांची नाही… माझी आहे. नियमातच दुरुस्ती हवी होती. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि मी केली नाही."

"का नाही केली?"

हमालांनी कान टवकारले. "कंटाळा केला," ती पुटपुटली. लाजेने तिला वर बघवेना. सगळ्यांसमोर तिने पॉलिसीत नाव घातलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सर्व्हिस आपोआप सुरू झाली. "दुपारी मोठ्या साहेबांपुढे चला," एवढंच बोलून दरेकर निघून गेले.

शेडच्या मागे जस्टिनने तिला गाठलं. "कंटाळा? एवढं रोज चालत यायच्या तुमी! कंटाळलेलं मानूस येतं का असं?"

"नाही." तिचे डोळे भरून आले. "दुरुस्त केलं असतं तर… तुम्ही बोलावलं नसतं. म्हणून."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मला वाटायचं, माझ्याच हातात खोट हाय. माऊस धरायला भ्यायचो. माझी रोझी आत्या तुमच्याच चर्चला येती. ती म्हनली, त्या पोरीच्या घरी तुझ्यासाठी शब्द टाकते. मीच आडवलं तिला. म्हनलं, रोज माझी चूक निस्तरायला येती ती. तिच्या नजरंत मी ढ. कोन्त्या तोंडानं मागनी घालायची?"

आराधनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्याला जवळ आणायला हा उद्योग केला, त्यालाच तिने इतके दिवस लांब उभं केलं होतं.

"मला माफ करा," एवढंच तिला सुचलं.

"राग आलाय मला. लई आलाय."

"येऊ दे. मी उद्याही येईन. बिनकारणाची. सगळ्यांच्या देखत… येऊ?"

जस्टिनने खिशातून मोबाईल काढला.

"आत्या? व्हय, जस्टिन बोलतोय. मागं मी न्हाई म्हन्लो हुतो बघ… त्या मॅडमच्या घरी शब्द टाकायला जातीस का तू?" फोनवर हात ठेवून तो आराधनाकडे वळला. तोंड अजून फुगलेलंच. "राग हाय अजून."

"असू दे," ती डोळे पुसत म्हणाली, "पण आत्यांना आजच जायला सांगा."